उतरंडीतली लड

कोंडीबा पुजाऱ्यांनी घोंगडीच्या काठातून एक केस हलकेच ओढून काढला, चिमटीत धरून तो उन्हात नेला, डोळे बारीक करून पाहिला, आणि मग म्हाळसाबाईच्या तळहातावर ठेवला...

भीमेपलीकडच्या बिरोबाच्या ठाण्याचे पंच ओट्यावर मांड्या घालून बसले होते, दाराशी तिची जाऊ राजाबाई पदर तोंडात धरून उभी होती, आणि आत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला तिचा दीर गुंडा मान वर करून बघत होता. देवाखाली अंथरण्यासाठी त्याने तीन महिने खपून विणलेली घोंगडी पंधरा दिवसांत परत आली होती.

"बग बाई," कोंडीबा म्हणाले, "तू धनगराची लेक हायस. ह्यो केस कातरलेला का उपटलेला, तूच सांग."

म्हाळसाबाईला डोळ्यांनी बघायची गरजच नव्हती, बोटांनाच कळलं. कातरलेल्या केसाचं टोक साफ असतं. मेल्या जनावराच्या कातड्यावरून उपटलेल्या केसाला मुळाचा बारीकसा दाणा चिकटून राहतो. आणि बिरोबाच्या घोंगडीला जित्या कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर, जिला जावळ म्हणतात, तीच लागते. मेल्याची लोकर देवाखाली गेली की देव उठून जातो, असं मानणाऱ्या माणसांपुढे ती उभी होती; ती स्वतःही तसंच मानत होती.

"उपटलेला हाय," ती म्हणाली.

"सूत मातुर लई बारीक हाय." कोंडीबांनी काठावरून पुन्हा बोट फिरवलं. "असलं सूत म्या तुझा धनी जिता व्हता तवा बघितलं, त्येच्यामागं न्हाय. पन देव सूत बघत न्हाय, लोकर बघतो. आता ज्याच्या हातानं ही लोकर ह्या घोंगडीत आली, त्यानं देवाच्या लोकरीला पुन्यांदा शिवायचं न्हाय. मागावरचा हात असला तर माग देवाला बंद. कुनाचा हात, ते घरानं सांगावं."

म्हाळसाबाई "आले" एवढंच म्हणून आत गेली.

आता ही बाई आत जाऊन काय बघणार होती ते सांगण्याआधी दहा वर्षं मागं जायला हवं. सोलापुरात तुळजापूर वेशीबाहेरच्या या घरात घोंगडीचा माग होता आणि त्यावर तिचा नवरा धुळा बसत असे. धुळाचं विणणं बरं होतं, पण घराचं नाव होतं ते म्हाळसाबाईच्या सुतामुळं. सांगोल्याकडून लग्न होऊन आलेली ही पोर चरख्यावर बसली की जावळाचं असं सूत निघायचं की शेजारणी कामं टाकून बघायला यायच्या. पुढं मानमोडीच्या तापाची साथ आली आणि धुळा तीन दिवसांत गेला. मागे राहिला एक माग, चौदा वर्षांचा गुंडा आणि सव्वीस वर्षांची ही विधवा.

बाईनं मागाच्या खड्ड्यात उतरायचं नाही हा त्यांच्यातला नेम. सूत कातत बसावं, तर एका घोंगडीपुरतं जावळ कातायला महिने जातात आणि पोट तर दिवसातून दोनदा विचारतं. तेव्हा तिनं मनाशी एक ठरवलं; तिला तसं ठरवायला कोणी सांगितलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. घराला नावही लागतं आणि भाकरीही लागते. नाव गुंडानं कमवावं, भाकरी आपण. पोराच्या हातानं मागाशिवाय दुसरं काही करू नये. मेंढरं नको, गिरणी नको, बाजार नको, लोकर निवडणंसुद्धा नको. हात एकाच कामावर राहिला तरच तो हात होतो, नाहीतर शंभर जणांसारखा तोही एक.

आणि मग तिनं स्वतःचा चरखा उचलून माळ्यावर टाकला! शेळ्या पाळल्या आणि आजाऱ्यांच्या घरी दूध पोचवलं. चिंचोके भिजवून, कुटून, मोठ्या हंड्यात त्यांची खळ शिजवली आणि ती मागवाल्यांना आणि वह्या बांधणाऱ्यांना विकली. लेंडीखत मळेवाल्यांना दिलं. मेल्या मेंढरांची लोकर पोत्यांनी आणून तिचा टकळीवर जाड दोरा काढला आणि टांग्याच्या घोड्यांची खोगिरं करणाऱ्यांना घातला. गल्लीनं तिचं नाव 'बारा भानगडींची म्हाळसा' ठेवलं. प्रामाणिकपणे मोजल्या तर त्या भानगडी चारच होत्या, पण गल्ली कधी प्रामाणिकपणे मोजत नाही. या चारांच्या जिवावर गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांना रोजची ज्वारी मिळे, त्या म्हाताऱ्या गुंडासाठी जावळ कातत, आणि त्यांनी कातलेली सुताची लड न् लड म्हाळसाबाई बोटांखालून घालवल्याशिवाय मागाकडे जाऊ देत नसे.

गुंडाचं नाव झालं. मंगळवार बाजारातले घोंगड्यांचे व्यापारी सिद्रामप्पा चारचौघांत म्हणत, "एकचित्त बघायचं तर आमच्या गुंडाचं बघा." गुंडाला ते पटलं. चारचौघांत झालेली आपली स्तुती कोणाला पटत नाही? लग्न झालं, राजाबाई घरात आली, आणि हळूहळू त्या एकचित्त माणसाला अंगणातल्या खळीचा वास, पोत्यांतली मेली लोकर आणि वहिनीच्या हातांवरची भेगाळलेली कातडी यांची लाज वाटू लागली. त्याच्या मनात दुष्टावा नव्हता. आपण खातो ती भाकरी मागातून येते, असं त्याला खरोखरच वाटत होतं.

यंदा चैत्रात मेल्या लोकरीच्या पोत्यात एका कोकराचं जावळ निघालं. कोकरू मेलेलं, तेव्हा ती लोकर देवाच्या कामाची नव्हती. आणि खोगिराखाली घालावी तर जीव होत नव्हता, इतकी ती मऊ होती. म्हाळसाबाईनं ती बाजूला ठेवली. दुपारी सगळे आडवे झाले की ती माळ्यावरचा चरखा खाली घेई... आपला हात अजून आहे की गेला, एवढंच तिला बघायचं होतं! आठ दुपारी बसून तिनं एक लड काढली. दहा वर्षांत खळीनं बोटं सोलून निघाली होती, तरी सूत आलं ते तसंच, वाऱ्यावर हललं तरी दिसू नये असं. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहिलं. मग तिनं ती लड उतरंडीच्या तिसऱ्या मडक्यात ठेवून दिली. कधी घरात कोणी नसताना काढून गालाला लावायची आणि पुन्हा ठेवायची. उभ्या जन्मात तिनं स्वतःसाठी केलेली चोरी ती एवढीच.

आता तिनं वरची दोन मडकी उतरवली आणि तिसऱ्यात हात घातला. मडकं रिकामं होतं.

ती मटकन खाली बसली. सगळं एका क्षणात कळलं. घोंगडी पुरी झाली त्या मंगळवारी ती बाजारात गेली होती आणि संध्याकाळी परत आली तर गुंडानं काठ पुरा करून घोंगडी मागावरून उतरवलेली होती. सूत चार बोटं कमी पडलं असणार. यानं घर धुंडाळलं, मडक्यात लड सापडली, घेतली आणि विणली. उपटलेली आणि कातरलेली लोकर यांतला फरक त्याला कुठून कळणार? त्यानं लोकर कधी निवडलीच नव्हती. त्याला लोकरीला हात लावू दिला नव्हता तो तिनंच ना!

बाहेरून गुंडाचा आवाज चढला. तो खड्ड्यातून बाहेर आला होता.

"म्या सांगत हुतो की न्हाय? घरात मेली लोकर आनू नगं म्हनून सांगत हुतो! हिच्या बारा भानगडी, आनि त्यात देवाचं काम बुडालं. ये की भायेर, वैनी! सांग की पंचास्नी!"

म्हाळसाबाई उंबऱ्यापाशी आली. तिनं दिराकडं पाहिलं. चोवीस वर्षांचा, हातापायानं सडपातळ, रागानं लाल झालेला; आणि त्या रागात खोटेपणाचा लवलेश नव्हता. त्याला काहीच माहीत नव्हतं. एक शब्द बोलली असती तर त्याला कळलं असतं, पंचांनाही कळलं असतं, आणि दहा वर्षं ज्या मागासाठी तिनं स्वतःचा हात जाळला तो माग त्याच घटकेला देवाला बंद झाला असता. देवाचं काम गेलेल्या मागावर कोण घोंगडी सांगणार? उलट तिचं नाव... तिचं नाव आधीच गल्लीत पडलेलं होतं. आणखी थोडं पडल्यानं काय मोठं बिघडणार होतं!

"व्हय," ती म्हणाली. "माझ्याच हातचं सूत हाय ते."

यात खोटं काही नव्हतं. "मग ह्या हाताला जावळ बंद," कोंडीबा म्हणाले आणि उठले. पंचही उठले. माग वाचला होता.

ते गेल्यावर गुंडानं खळीचा हंडा लाथेनं उलथा केला. "हितनं फुडं ह्या घरात येकच काम चालंल. माग! ज्याला धा कामं करायची असतील त्येनं दुसरं घर बघावं."

"गुंडा, मला जा म्हनतोस?"

गुंडानं पाठ फिरवली. तो खड्ड्यात जाऊन बसला आणि माग चालू झाला. दोन लुगडी एका फडक्यात बांधायला किती वेळ लागतो? राजाबाई मात्र तिच्या कमरेला मिठी मारून रडत सुटली. "आक्का, नगं जाऊस गं... समदं कसं हुईल?"

"हुतंय. काळ्या शेळीची धार काढताना तिचा मागला पाय बांद, लाथ मारती." आणि ती गेली.

सांगोल्याजवळच्या वाडीत तिचा थोरला भाऊ येडू मेंढरं राखून होता. त्यानं बहिणीला काही विचारलं नाही. भाकरीत भाकरी वाढली. पण पंचांचा शब्द तिच्याआधी तिथं पोचला होता. कातरणीच्या दिवशी कोकरांचं जावळ निघालं की येडूची बायको बजाबाई त्याची पाटी उचलून आत नेऊन ठेवी आणि म्हणे, "वन्सं, तुमी तिकडं मोट्या मेंढरांचं बगा." वाईट बोलत नसे, उलट ओशाळून बोले. म्हाळसाबाई मोठ्या मेंढरांकडे जाई. जी बोटं जावळासाठी जन्माला आली होती त्या बोटांना जावळ शिवायची बंदी! आत काय जळत होतं ते तिनं कोणापुढं काढलं नाही, आणि कोणी विचारायलाही आलं नाही.

सोलापूरच्या बाजाराहून कोणी आलं की ती एकच विचारी, "माग चालतो न्हवं?"

"चालतो की," पहिल्या वर्षी लोक म्हणाले. गुंडानं शेळ्या विकल्या होत्या, पोती फेकून दिली होती; त्याचं चित्त आता खरोखरच एकच होतं. दुसऱ्या वर्षी कळलं, रोजची ज्वारी थांबली म्हणून दोन्ही म्हाताऱ्या दुसरीकडे कातायला लागल्या आणि गुंडा बाजारातनं आयतं सूत आणतो. तिसऱ्या वर्षी सिद्रामप्पांचा एक गाडीवान म्हणाला, "मालक म्हनत्यात, इननं त्येच हाय, पन घोंगडी ती न्हाय. काय झालं ते त्यांस्नी बी उमगंना." म्हाळसाबाईला उमगलं. ती रात्रभर जागी राहिली नाही की जेवण टाकलं नाही. तिनं फक्त दुसऱ्या दिवशी येडूला विचारलं, आपण निवडलेली लोकर कोणाच्या हाती, नाव न सांगता, सोलापूरला धाडता येईल का. येडूनं तिच्याकडं टकामका पाहिलं आणि होय म्हणून मान हलवली.

ती लोकर धाडायची वेळ आलीच नाही. त्या आठवड्यातच, मेंढरांच्या वाड्यावर कातरणी चालू असताना, गुंडा स्वतः आला. धुळीनं भरलेला, गालफडं बसलेली, तीन वर्षांत दहा वर्षांनी थोराड झालेला. तो कातरणीच्या लोकरीतून तसाच चालत आला आणि सगळ्यांदेखत त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"वैनी... ती लड म्या घेतली व्हती."

कातऱ्या थांबल्या. म्हाळसाबाईनं त्याचा खांदा धरून ओढला. "गप! काय बी बोलू नगंस, गप उठ!"

"गप ऱ्हायला तू शिकलीस, मला न्हाय जमायचं. परवा सूत कमी पडलं, तवा म्या राजीला म्हनलं, मागं उतरंडीत घावली तशी लड हाय का एखादी, बग. तिच्या हातातलं ताट पडलं. म्हनली, 'ती लड आक्कांनी मेल्या कोकराच्या लोकरीची काडली हुती, दुपारची, माज्या डोळ्यांदेखत. तुमी नेली व्हय ती?' वैनी, मला ठावंच नव्हतं गं! वाटलं, म्हाताऱ्यांच्या लडीत तुझी मेली लोकर मिसळली व्हती. आईच्यान् ठावं नव्हतं!"

"मला ठावं हाय, तुला ठावं नव्हतं ते. म्हनून तर म्या... आता झालं ते झालं. कुनाला सांगू नगंस."

"सांगितलं." गुंडानं वर पाहिलं. "कोंडीबांकडं जाऊनच हितं आलो. पंच बसवले. तुझा हात मोकळा झाला, वैनी. देवाला माग बंद झाला माजा."

तीन वर्षं जी बाई रडली नव्हती ती आता रडली, आणि ते रडणं आनंदाचं नव्हतं! तिनं दोन्ही मुठींनी त्याच्या खांद्यांवर मारलं. "काय केलंस रे ह्ये! काय केलंस, मुडद्या! तीन वर्सं म्या लोकांची तोंडं सोसली ती कशापायी? धा वर्सं खळीत हात घातले ते कशापायी? तुज्या मागाचं नाव ऱ्हावं म्हनून, आनि तू जाऊन एका दिवसात मातीत घालून आलास! माज्या नावाला कोन इचारत व्हतं?"

"म्या इचारत व्हतो!" गुंडा ओरडला, आणि मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "वैनी, एक सांगू का? त्या दिशी म्हाताऱ्यांच्या दोन लडी कोपऱ्यात व्हत्या. जाड हुत्या जरा, पन कातरलेल्या हुत्या. त्या घेतल्या असत्या तरी काठ पुरा झाला असता."

"मग?"

"मग मडक्यात ती घावली. हातात घेतली आनि... म्या तवर धा वर्सं इनत व्हतो, असलं सूत माज्या हाताखालनं कंदी गेलं नव्हतं. कुनाचं हाय ते इचारायचं सुदिक भान ऱ्हायलं न्हाय. वाटलं, देवाच्या घोंगडीला शेवटाला ह्येच पायजे. बास. म्हनून घेतली."

म्हाळसाबाईच्या मुठी त्याच्या खांद्यावरच राहिल्या. तिनं जे कधी कोणाला दाखवलं नव्हतं ते एका माणसानं पाहिलं होतं, ओळखलं होतं, आणि घरात असलेल्या सगळ्यांत चांगली वस्तू म्हणून देवापुढं ठेवलं होतं. त्यापायी तिचं घर गेलं होतं, आता त्याचं नाव गेलं होतं. आणि तरीही तिला आतून जे वाटलं ते सुखच होतं, त्याला दुसरा शब्द नाही. ते सुख इतकं अनपेक्षित होतं की तिला त्याची थोडी भीतीच वाटली. तिनं पदरानं आधी त्याचं तोंड पुसलं, मग आपलं.

"चल घरी," गुंडा म्हणाला. "राजी चुलीपाशी बसून ऱ्हायलीया, तुला घिऊन आल्याबगार जेवत न्हाय म्हनती. देवाचं काम न्हाय तर न्हाय, मानसांची घोंगडी इनू. शेळ्या घिऊ पुन्यांदा. खळ शिजवू."

"येते." म्हाळसाबाई म्हणाली. पुढचं वाक्य तिनं आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळं ते बाहेर पडायला वेळ लागला. "पन आता म्या येकच काम करनार, गुंडा. सूत काडनार. दुसरं काय बी न्हाय."

"आनि शेळ्या? खळ? खोगिरवाले?"

"ते तू आनि राजी बगा. नाव गेलं म्हनतोस न्हवं? मग आता तुला सवड हाय की."

येडू खो खो हसला. गुंडा आधी बावरला, मग त्यालाही हसू फुटलं, आणि हसता हसता त्याचे डोळे पुन्हा भरून आले. कधी ना कधी कोणी तरी त्याला हे सांगायला हवं होतं. इतकी वर्षं ते सांगायचं जिनं टाळलं होतं तिनंच ते आज सांगितलं, म्हणून त्याला ते सोसलं.

बजाबाई या वेळात केव्हा आत गेली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात जावळाची पाटी होती. ती तिनं वन्संपुढं ठेवली आणि चरखाही आणून मांडला.

म्हाळसाबाईनं पाटीत हात घातला. पहिला धागा तुटला, दुसराही तुटला. तिसरा जरा लांबवर आला, पण जाड आला. येडूनं मान फिरवली. तिनं मात्र तो तोडून टाकला आणि पुन्हा चिमूटभर लोकर घेतली, घाई नसल्यासारखी. गुंडा तिच्यासमोर उकिडवा बसून बघत होता. धागा बोटांतून निघताना त्यानं आजवर कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्यापर्यंत नेहमी लडच येत असे.

"वैनी," तो जरा वेळानं म्हणाला, "कातरलेला कंचा आनि उपटलेला कंचा, ते कसं वळकायचं?"

म्हाळसाबाईनं वर पाहिलं नाही. चरखा चालू होता आणि या खेपेला धागा बराच बारीक येत होता.

"आदी हात धुवून ये," ती म्हणाली.